लोकसभेच्या पहिल्या सवयी

१८ डिसेंबर १९५४ रोजी लोकसभेपुढे एक अवघड विषय आला होता: सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांना पदावरून दूर करण्याचा ठराव. आरोप पक्षपाताचा. ज्याच्यावर ठराव, त्याने त्या वेळी आसनावर बसायचे नाही, म्हणून उपसभापती अनंतशयनम अय्यंगार कामकाज चालवत होते. पहिल्या निवडणुकीत काँग्रेसला ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या होत्या, त्यामुळे ठराव पडणार हे सगळ्यांनाच ठाऊक होते. तरीही पंतप्रधान नेहरूंनी उठून आपल्या खासदारांना सांगितले की, या प्रश्नावर पक्षादेश आहे असे समजू नका, ज्याला जसे वाटेल तसे मत द्या. चर्चेचा जास्तीत जास्त वेळ विरोधकांना मिळावा, असेही ते म्हणाले. विरोधकांवर टीका करताना त्यांनी शब्द राखून ठेवले नाहीत. पण मैदान त्यांना मोकळे करून दिले.

आपल्या प्रजासत्ताकाची घडण सांगताना आपण बहुधा राज्यघटनेपाशी थांबतो. ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे २६ नोव्हेंबर १९४९ रोजी मंजूर झाली, दोन महिन्यांनी अमलात आली, झाले. पण सभापतीने स्वतःच्या पक्षाशी कसे वागायचे, मंत्र्याने राजीनामा कधी द्यायचा, राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाचे कितपत ऐकायचे, ही उत्तरे कलमांत पुरती सापडत नाहीत. ती पहिल्या सात-आठ वर्षांत माणसांनी वागून दिली. मला स्वतःला ही वर्षे घटना समितीइतकीच मोलाची वाटतात.

मावळंकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याच्या घराण्यातले. जन्म बडोद्याचा, वकिली आणि सार्वजनिक आयुष्य अहमदाबादेत. १९३७ मध्ये ते मुंबई प्रांताच्या विधानसभेचे सभापती झाले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी ते सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि अवघ्या तीन मतांनी निवडून आले. ब्रिटिश सरकारचे वजन समोरच्या बाजूला असताना मिळवलेले हे आसन होते. मे १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचा सभापती निवडताना मात्र ३९४ विरुद्ध ५५ असा कौल पडला. समोर होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. दिल्लीतल्या त्या पहिल्या लढतीत दोन्ही बाजूंना मराठी माणसे होती, हे आज फारसे कुणाला आठवत नाही.

सभापती झाल्यावर पक्ष सोडायचा, ही ब्रिटनची रीत. मावळंकरांनी ती जशीच्या तशी उचलली नाही. ते काँग्रेसचे सभासद राहिले, पण सभागृहापुढे येऊ शकेल अशा कोणत्याही वादात भाग घ्यायचा नाही, हे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले. सभापतीच्या मतदारसंघात इतर पक्षांनी उमेदवार देऊ नये, अशीही त्यांची इच्छा होती. ती रूढी रुजली नाही. आणि माझ्या मते तिथेच एक दुवा निसटला. पुढची निवडणूक ज्याला पक्षाच्या तिकिटावर लढायची आहे, त्याच्याकडून पूर्ण अलिप्ततेची अपेक्षा धरणे म्हणजे प्रत्येक वेळी मावळंकरच मिळतील असे गृहीत धरणे.

सभागृहाची अब्रू राखण्याचा प्रसंग त्याआधीच येऊन गेला होता. १९५१ मध्ये, पहिल्या निवडणुकीआधीच्या हंगामी संसदेतले काँग्रेसचे सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर मुंबईतल्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिचे काम संसदेत केल्याचा आरोप झाला. चौकशी समितीचा प्रस्ताव स्वतः पंतप्रधानांनी मांडला, आपल्याच पक्षाच्या माणसाविरुद्ध. समितीने ठपका ठेवला. हकालपट्टीचा ठराव येताच मुद्गलांनी राजीनामा दिला, तेव्हा राजीनाम्याआड शिक्षा झाकली जाऊ नये म्हणून सभागृहाने त्या कृतीचीही नोंद घेतली.

त्याच सुमारास राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी हिंदू कोड बिलाबद्दल, म्हणजे हिंदूंचे विवाह-वारशाचे कायदे सुधारणाऱ्या विधेयकाबद्दल, नेहरूंना कळवले की, या विधेयकावर आपण स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेऊ इच्छितो. वाद चव्हाट्यावर नेता आला असता. नेहरूंनी महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आणि कायदेपंडित अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत मागवले. दोघांनीही राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला आहे असेच सांगितले, आणि राजेंद्रबाबूंनी ताणून धरले नाही.

सगळेच असे उजळ नाही. ज्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची घटना समितीतली बंगालमधली जागा फाळणीमुळे गेली, त्यांना मुंबईतून निवडून आणा असे राजेंद्रबाबूंनीच मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेरांना १९४७ मध्ये लिहिले होते. काँग्रेसचे कडवे टीकाकार असूनही ते कायदामंत्री झाले. चारच वर्षांनी, सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिल रखडल्यावर त्यांनी राजीनामा दिला. निवेदन वाचायला ते उभे राहिले, तर त्याची प्रत आधी द्या असे उपसभापतींनी सांगितले. बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले. राजकारणातली व्यक्तिपूजा अधःपाताकडे नेते, असा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात देणाऱ्या माणसाला दोन वर्षांत आपले म्हणणे संसदेबाहेर मांडावे लागले, याची रुखरुख वाटते. १९५१ मध्येच, सार्वत्रिक निवडणूक व्हायच्या आत, पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरची बंधने वाढवली गेली.

मावळंकरांना सर्वांत जास्त खुपत होते ते अध्यादेश, म्हणजे सभागृह भरलेले नसताना सरकारने काढलेले तात्पुरते कायदे. संसदेचे अधिवेशन संपते न संपते तोच अध्यादेश काढायचा, ही पद्धत लोकशाहीला धरून नाही, असे त्यांनी नोव्हेंबर १९५० मध्ये सरकारला लिहिले. उत्तरात नेहरूंनी तत्त्व मान्य केले: अध्यादेश एरवी टाळावेत, तातडीच्या खास प्रसंगीच काढावेत. पण असा प्रसंग कोणता, हे ठरवणे विवेकाचा भाग आहे, असेही म्हटले. म्हणजे ठरवणार सरकारच. मावळंकरांनी जुलै १९५४ मध्ये पुन्हा लिहिले की, आज आपण पाडू तो पायंडा पुढचे चालवतील. फेब्रुवारी १९५६ मध्ये, पदावर असतानाच, ते गेले.

पुढचे बिहारमध्ये घडले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले अभ्यासक डी. सी. वाधवा तिथल्या जमीनधारणेचा अभ्यास करत असताना त्यांच्या हाती वेगळेच काही लागले. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते, काही तर चौदा वर्षांपर्यंत, आणि विधिमंडळासमोर न आणता. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने हा प्रकार घटनेशी केलेली फसवणूक ठरवला आणि या अभ्यासकाला खर्चापोटी दहा हजार रुपये देण्याचा आदेश बिहार सरकारला दिला.