गिअरबॉक्सचं तेल, चाळीस अंश आणि सोलापूरची दुपार

माझ्या मेहुण्याने वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि मे महिन्यातल्या एका दुपारी ती घेऊन तो घरी आला. 'डी'मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, टाकलं की गाडी क्षणभर थांबायची आणि मग धक्का देऊन निघायची. "दाजी, गिअरचं तेल कमी झालंय का बघा की," तो म्हणाला. बॉनेट उघडलं. इंजिन ऑइलची पातळी बघायची काडी जागेवर होती. गिअरबॉक्सची काडी मात्र कुठेच सापडेना, कारण त्या गाडीला ती दिलेलीच नव्हती.

अलीकडच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांचं असंच आहे. आतल्या व्हॉल्व्हच्या वाटा फार बारीक असतात. काडी काढता-घालताना गेलेली धूळ किंवा कोणीतरी ओतलेलं भलतंच तेल त्यांना सोसत नाही. शिवाय हे तेल इंजिन ऑइलसारखं थोडंथोडं जळत नाही. ते कमी झालं असेल तर कुठेतरी गळतंय, एवढं नक्की समजावं. त्यामुळे आधी रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावर डाग दिसला, तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. पुष्कळ गाड्यांत हे तेल लाल रंगाचं असतं, म्हणून डाग ओळखणं सोपं जातं. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुल्या असलेल्या ऑटोमॅटिकचं, तेल मात्र हिरवं किंवा निळंही असू शकतं.

काडी नाही, मग पातळी कळते कशी? गिअरबॉक्सच्या खालच्या चेंबरला, म्हणजे तेल साठतं त्या तळच्या भांड्याला, एक लेव्हल बोल्ट असतो. अनेक गाड्यांत त्याच्या आत ठरावीक उंचीची उभी नळी असते. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या शहरात गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप कोणाला समजावून सांगायला नको. हा बोल्ट अगदी तेच काम करतो. तो उघडल्यावर जास्तीचं तेल बारीक धारेने बाहेर येतं, धारेचे थेंब होतात आणि थेंब पडू लागले की पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर वरच्या बोल्टातून तेल भरत राहायचं, खालून येईपर्यंत.

इथे इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा तेलाने भरलेला गोल डबा असतो. एका बाजूची पाती तेल फिरवतात, ते तेल समोरच्या पात्यांना फिरवतं आणि ताकद चाकांकडे जाते. इंजिन सुरू झालं की पंप चेंबरमधलं तेल ओढून हा डबा आणि पुढच्या सगळ्या वाटा भरतो. त्यामुळे बंद गाडीत चेंबरमधलं तेल जास्त दिसतं आणि मोजमाप फसतं. म्हणूनच ब्रेक दाबून धरून सगळे गिअर एकेकदा टाकायचे, मग 'पी'मध्ये, म्हणजे पार्किंगच्या गिअरमध्ये, आणून मोजायचं. हे मोजमाप साध्या, हाताने गिअर बदलायच्या गाडीला लागू नाही. तिथे इंजिन बंद ठेवून बाजूच्या बोल्टाच्या भोकाच्या कडेपर्यंत तेल आहे का, एवढंच पाहतात. एएमटी गाड्यांत क्लच दाबणं आणि गिअर बदलणं यंत्र करतं, पण त्यांचा मूळ गिअरबॉक्सही याच घराण्यातला.

आता तापमान. तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. आकडा किरकोळ वाटतो, पण ८ लिटर तेल ४० वरून ९० अंशांवर गेलं तर हिशेब पाव लिटरच्या वर जातो. उथळ चेंबरमध्ये एवढ्याने पातळी चांगलीच वर येते. म्हणून बऱ्याच गिअरबॉक्ससाठी ४० अंशांच्या आसपासची मर्यादा दिलेली असते, बहुतेक ३५ ते ४५. तापलेल्या तेलावर बोल्ट उघडला, तर चांगलं तेल विनाकारण वाहून जातं आणि गार झाल्यावर गाडी उपाशी राहते. मग पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि गिअर घसरू लागतो. अगदी गार तेलावर भरलं, तर चालताना ते फुगून फिरत्या भागांना लागतं आणि घुसळून फेस होतो. त्या फेसातही हवाच असते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान सारखंच.

आणि सोलापूरचा मे म्हणजे सावलीत ४२-४३ अंश. गाडी सुरू करण्याआधीच तेल मर्यादेच्या वरच्या टोकाला टेकलेलं असतं, आणि उन्हात उभ्या गाडीचं तर विचारूच नका. आपल्याकडे दुपारी केलेलं हे मोजमाप मी विश्वासाचं मानत नाही.

होटगी रोडच्या बाजूला ज्या मिस्त्रींकडे आम्ही गेलो, त्यांनी गाडीला हातही लावला नाही. "आज राहू द्या मालक. गाडी रात्रभर इथंच ठेवा आणि सकाळी सहाला या की," ते म्हणाले. मला त्यांचा तिथेच आदर वाटला.

सकाळी गाडी लिफ्टवर चढली. पुढून-मागून सपाट आहे का हे त्यांनी पाहिलं. जॅकवर एक बाजू उचलून हे काम होत नाही, आणि जॅकवरच्या चालू गाडीखाली तर कोणी कधीच जाऊ नये. गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावला, तेल ३० अंश. मग त्यांनी आधी वरचा भरायचा बोल्ट सैल करून पाहिला. तो गंजून अडकला असेल आणि खालचं तेल आधीच सोडलं, तर गाडी तिथेच अडकते. इंजिन सुरू केलं, गिअर फिरवले. ३७ अंशांवर खालचा बोल्ट उघडला. एक थेंबही आला नाही.

गळती गिअरबॉक्सचं तेल गार करणाऱ्या कूलरच्या नळीच्या जोडावर निघाली. तो सील बदलला आणि बॉक्ससाठी ठरवून दिलेलंच तेल हातपंपाने भरायला घेतलं. जवळजवळ एक लिटर गेलं, तेव्हा ४१ अंशांवर लाल धार आली. धारेचे थेंब झाले, तसा नवा वॉशर घालून त्यांनी बोल्ट आवळला. मेहुण्याने 'डी' टाकला आणि गाडी धक्का न देता निघाली. तोवर सात वाजत आले होते आणि ऊन चटके देऊ लागलं होतं.