गटचर्चा (राष्ट्रीय सेवा योजना शिबिर)

राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) सात दिवसांच्या विशेष शिबिरात, सेवा का आणि कोणासाठी करायची यावर स्वयंसेवकांमध्ये होणारी चर्चा. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवाकार्य करावे आणि दोन वर्षांत एक निवासी शिबिर पूर्ण करावे, अशी अपेक्षा असते. ‘नॉट मी बट यू’ हे योजनेचे ब्रीद.

शिबिराचा दिवस साधारण ठरलेला असतो: सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. गटचर्चा बौद्धिकाला जोडून होते. हा क्रम महत्त्वाचा आहे. सकाळी वनराई बंधाऱ्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, त्यांची तोंडे शिवून, हातोहात ओढ्यात उतरवलेली मुले दुपारी शाळेच्या ओसरीत सतरंजीवर बसतात, तेव्हा तळहातावर फोड असतात आणि बोलणे पाठ केलेले नसते. गाडगेबाबांचाही क्रम हाच होता. आधी खराट्याने गाव झाडायचे, मग रात्री कीर्तनात समोरच्या माणसालाच प्रश्न विचारायचे.

चर्चेचे विषय वरून ‘श्रमप्रतिष्ठा’, ‘समता’ असे येतात, पण ती रंगते साध्या प्रश्नांवर. आपण गेल्यावर ही गटारे कोण उपसणार? गावातले तरुण पारावर बसून बघत होते, त्यांना कोणी बोलावले होते का? प्रभातफेरी सगळ्या वस्त्यांतून गेली की मुख्य रस्त्यावरूनच परतली? काही विद्यापीठांत रासेयोसाठी जादा गुण मिळतात. मग गुणांसाठी केलेल्या कामाला सेवा म्हणावे का? या शेवटच्या प्रश्नावर गट हमखास दुभंगतो. कार्यक्रम अधिकाऱ्याने तिथे निवाडा देण्याची घाई करू नये.

गावकरी बसले नाहीत तर चर्चा एकतर्फी होते. पाणी भरून आलेली बाई टेकली आणि बंधारा दोन वळणे वर हवा होता म्हणाली, तर मुलांना उपकाराची भाषा सोडावी लागते. दुर्दैवाने बऱ्याच शिबिरांत हा तास पाहुण्यांच्या भाषणातच संपतो आणि अहवालात ‘गटचर्चा घेण्यात आली’ एवढीच ओळ उरते. मग पुढच्या वर्षीची तुकडी त्याच दत्तक गावात पुन्हा गटारांपासूनच सुरुवात करते.