‘पास्ड आउट’ आलं कुठून?

सोलापूरच्या कॉलेजांतून बाहेर पडून पुण्याला नोकरी शोधायला निघालेल्या मुलांच्या बायोडेटात एक वाक्य हमखास दिसतं: ‘आय पास्ड आउट इन 2021’. आपल्याकडे ते सगळ्यांना कळतं. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाच्या मनात मात्र आधी ‘बेशुद्ध पडलो’ हा अर्थ येतो. परदेशी कंपनीकडे अर्ज करताना ‘ग्रॅज्युएटेड’ लिहिणंच बरं. पण या मुलांना त्यावरून कुणी हसू नये, कारण या शब्दांमागे इतिहास आहे.

ब्रिटिश सैन्यात प्रशिक्षण पुरं करणारा कॅडेट ‘पास आउट’ होतो. खडकवासल्याच्या एनडीएत आजही पासिंग आउट परेड होते. तरी हा प्रयोग आपल्या तोंडी इतका रुळला, त्याचं मोठं कारण मला आपल्या विद्यापीठांच्या घडणीत दिसतं. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची. 1862 साली तिथे जे पहिले बी.ए. झाले, त्यांत न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर होते. सगळी मदार परीक्षेवर असल्याने शिक्षण मोजलं गेलं ते ‘पास’ या शब्दातच: मॅट्रिक पास, इंटर पास. ‘बी.ए. नापास’ हेसुद्धा लोक नावापुढे लावत, कारण त्या परीक्षेपर्यंत पोचणं हीच मोठी गोष्ट होती.

कॉलेज एकीकडे आणि पदवी दुसरीकडे, हे सोलापूरइतकं क्वचितच कुणी अनुभवलं असेल. दयानंद कॉलेज 1940 साली निघालं तेव्हा पदवी मुंबईची होती. 1949 साली पुणे विद्यापीठ आलं, 1962 साली कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. सोलापूरला एका जिल्ह्यापुरतं स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते 1 ऑगस्ट 2004 रोजी, आणि 2019 साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव दिलं गेलं. एकाच कॉलेजात शिकलेल्या आजोबा, वडील आणि नातीच्या पदव्यांवर तीन वेगळ्या विद्यापीठांची नावं असू शकतात.

म्हणून इंग्रजी बायोडेटात ‘ग्रॅज्युएटेड फ्रॉम’पुढे कॉलेजचं नाव चालेल, पण पदवीसमोर विद्यापीठाचं नाव वेगळं लिहावं, आणि तेही प्रमाणपत्रावर छापलं आहे तेच. शिवाजी विद्यापीठाची पदवी असेल तर आजचं सोलापूरचं नाव घालू नये. कागदपत्रांची पडताळणी नेमकी तिथेच अडकते.