बहुपुटी अंडाशय संलक्षण (पीसीओएस) : आहार, व्यायाम आणि मनःस्वास्थ्य

बहुपुटी अंडाशय संलक्षण, म्हणजेच पीसीओएस, हा प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये आढळणारा संप्रेरकांचा आणि चयापचयाचा दीर्घकालीन विकार आहे. बोलण्यात त्याला पीसीओडी असेही सर्रास म्हटले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या वयोगटातील सुमारे १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याची कल्पनाही नसते. अनियमित पाळी, चेहऱ्यावर व अंगावर राठ केस, मुरुमे, डोक्यावरचे केस विरळ होणे आणि गर्भधारणेस विलंब ही त्याची ठळक लक्षणे आहेत. त्याला मुळापासून बरे करणारे औषध अद्याप नाही. आहार, व्यायाम आणि मनःस्वास्थ्य यांची काळजी हा त्याच्या उपचारांचा पाया आहे. औषधे त्या पायावर, गरजेनुसार दिली जातात.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांच्या निरीक्षणांवरून या विकाराचे वर्णन केले. अंडाशयांचे दिसणे त्यात लक्षवेधी ठरल्यामुळे पुढे नावही त्यावरूनच रूढ झाले, आणि ते दिशाभूल करणारे आहे. सोनोग्राफीत अंडाशयाच्या कडेने मोत्यांच्या सरासारखे दिसणारे ठिपके हे खरे तर वाढ अर्ध्यावर थांबलेली बीजपुटके, म्हणजे स्त्रीबीज ज्यांत वाढते त्या सूक्ष्म पिशव्या, असतात. त्यांना गाठी समजून घाबरण्याचे किंवा ती शस्त्रक्रियेने काढून टाकण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार बीजोत्सर्गातील (अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडण्यातील) अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र या तिन्हींपैकी कोणत्याही दोन गोष्टी आढळल्या आणि थायरॉइडसारखी अन्य कारणे नाहीत याची खात्री झाली, तरच निदान होते. पाळी सुरू होऊन थोडीच वर्षे झालेल्या मुलींमध्ये असे अंडाशय स्वाभाविकपणेही दिसतात, म्हणून त्यांचे निदान केवळ सोनोग्राफीवरून करू नये.

आहार आणि व्यायामाचा अंडाशयाशी संबंध काय, हे इन्सुलिनचे कार्य पाहिल्यावर स्पष्ट होते. पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या, सडपातळ असलेल्या अनेकींच्याही, पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी स्वादुपिंडाला नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन स्रवावे लागते. स्नायू या इन्सुलिनला दाद देत नसले तरी अंडाशय मात्र देतच राहतात आणि त्याच्या प्रभावाखाली अधिक पुरुषी संप्रेरके तयार करतात. शिवाय, लैंगिक संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृत बनवते, तेही जादा इन्सुलिनमुळे घटते आणि मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचे, म्हणजे प्रमुख पुरुषी संप्रेरकाचे, प्रमाण वाढते. बीजपुटकांची वाढ खुंटते, बीजोत्सर्ग लांबतो, पाळी चुकते. मानेच्या मागे किंवा काखेत उमटणारा काळसर, मखमली पट्टा ही याच जादा इन्सुलिनची त्वचेवरची खूण असते. तो मळ समजून घासून घासून काढण्याचा प्रयत्न अनेक मुली वर्षानुवर्षे करतात, आणि तो निघत नाही.

आहाराच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, पीसीओएससाठी एखादा खास आहारक्रम इतरांपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही हेच स्पष्टपणे नोंदवले आहे. याचा सरळ अर्थ असा की जो समतोल आहार स्त्रीला परवडतो, रुचतो आणि वर्षभर पाळता येतो, तोच तिच्यासाठी योग्य. अख्खी धान्ये, डाळी, भाज्या आणि सबंध फळे यांतील तंतुमय घटकांमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. जेवणात प्रथिनांचा भाग पुरेसा असला तर भूक लवकर पुन्हा उफाळत नाही. साखर घातलेली पेये आणि मैद्याचे पदार्थ मात्र साखर व इन्सुलिन दोन्ही झपाट्याने चढवतात, म्हणून कपातीची सुरुवात तिथून करणे सर्वांत फलदायी. वजन जास्त असल्यास त्यात ५ ते १० टक्के घट झाली तरी अनेकींची पाळी सुधारते. ८० किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत ही घट ४ ते ८ किलोंची. उपासमारीचा मार्ग मात्र उलटतो. अन्न फारच कमी पडले तर मेंदूकडून अंडाशयांना जाणारे संकेतच मंदावतात आणि पाळी थांबते. म्हणजे ज्या तक्रारीसाठी आहार सुरू केला, तीच बळावते. पीसीओएसमध्ये एकदम अतिखाणे आणि मग स्वतःला कोसत उपाशी राहणे ही आवर्तनेही इतरांपेक्षा अधिक आढळतात. त्यामुळे पदार्थांच्या मनाईची लांबलचक यादी हातात ठेवण्यापूर्वी त्या स्त्रीचे खाण्याशी नाते कसे आहे, हे विचारणे आवश्यक आहे.

व्यायामाचा लाभ वजनकाट्यावर दिसण्याच्या आधीच सुरू होतो. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीविनाही रक्तातील साखर ओढून घेतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याचे महत्त्व यातच आहे. प्रौढ स्त्रियांसाठी आठवड्याला मध्यम गतीचा १५० ते ३०० मिनिटे किंवा जोरकस ७५ ते १५० मिनिटे व्यायाम आणि जोडीला, लागोपाठ नसलेल्या दोन दिवशी, स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवला जातो. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम गती. प्रकार कोणताही चालेल. सातत्य सांभाळता येईल असा निवडावा.

मनःस्वास्थ्याचा विषय मात्र उपचारांत अजूनही शेवटी येतो, आणि हे अन्यायाचे आहे. या स्त्रियांमध्ये नैराश्य आणि चिंताविकार यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त असते, म्हणूनच निदानाच्या वेळी दोन्हींची चाचपणी करावी अशी शिफारस आहे. रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी आरशासमोर उभे राहून हनुवटीवरचे केस चिमट्याने उपटण्यात जी दहा मिनिटे जातात, ती कोणत्याही तपासणी अहवालात येत नाहीत. पण दिवसाची सुरुवात त्यांनीच होते. त्यात ‘वजन कमी करा, सगळे ठीक होईल’ असे प्रत्येक भेटीत ऐकावे लागले, की अनेक जणी दवाखान्यात जाणेच सोडून देतात. वजनावरून हिणवल्याने आरोग्य सुधारत नाही, उलट उपचारांतील सातत्य तुटते. समुपदेशन, विचार व वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती, समदुःखी स्त्रियांचा गट आणि गरज पडल्यास औषधे यांचा उपयोग होतो. झोपेकडेही लक्ष हवे: झोपेत श्वास अडखळण्याचा विकार पीसीओएसमध्ये अधिक दिसतो, तेव्हा मोठे घोरणे आणि पुरेशी झोप घेऊनही दिवसभर राहणारी गुंगी डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

परिणाम दिसायला वेळ लागतो, आणि तो लक्षणानुसार वेगळा असतो. केसांच्या वाढीचे चक्र संथ असल्याने नको असलेल्या केसांतील फरक साधारण सहा महिन्यांआधी जाणवत नाही. प्रगतीची खूण म्हणून केवळ किलो मोजणे पुरेसे नाही. दिनदर्शिकेवर पाळीच्या तारखा नोंदवल्या आणि ६० दिवसांचे अंतर ४५ वर आलेले दिसले, तर वजन जागचे हलले नसले तरी तो खराच लाभ आहे. कमरेचा घेर, झोप आणि मनाची उभारी यांचीही अशीच नोंद ठेवता येते.

काही गोष्टी जीवनशैलीवर सोडता येत नाहीत. पाळी ९० दिवसांहून अधिक काळ आली नाही, तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि पुढे त्यात कर्करोगाचा धोका वाढतो. अशा वेळी डॉक्टरांकडून पाळी आणवून घेणे गरजेचे असते. मधुमेहासाठी ग्लुकोज पिऊन केली जाणारी रक्तचाचणी, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी वेळोवेळी करावी लागते. पाळी व केसांच्या तक्रारींसाठी संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, इन्सुलिनच्या प्रतिरोधासाठी मेटफॉर्मिन, आणि बीजोत्सर्ग न झाल्याने गर्भधारणा होत नसल्यास प्रथम लेट्रोझोल ही औषधे दिली जातात. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. आहार आणि व्यायाम लागू पडू लागले, की पाळी दिसण्यापूर्वीच बीजोत्सर्ग होऊ शकतो. त्यामुळे गर्भधारणा नको असल्यास, पाळी महिनोन्महिने आलेली नसली तरी, गर्भनिरोधनाचा वापर चालू ठेवावा लागतो.