पार्श्वभूमी : बोलणारा एक, कॅमेरा दुसऱ्यावर

अमेरिकेतल्या अध्यक्षीय डिबेटनंतर दुसऱ्या दिवशी जी 'देहबोली' चघळली जाते, ती बहुतेक वेळा बोलणाऱ्याची नसतेच. गप्प उभ्या असलेल्याची असते. समोरचा बोलत असताना याने घड्याळ पाहिलं, उसासा टाकला, तोंड वाकडं केलं. मतदाराला हे दिसतं, कारण कंट्रोल रूममध्ये बसलेला कोणीतरी त्या क्षणी न बोलणाऱ्याचा चेहरा पडद्यावर लावतो. या 'रिअ‍ॅक्शन शॉट'वरून उमेदवारांचे सल्लागार आणि वाहिन्या यांच्यात साठ वर्षांहून अधिक काळ ओढाताण चालू आहे.

१९६० ची शिकागोची डिबेट सगळ्यांना पाठ आहे : आजारातून उठलेले, दाढीचे खुंट दिसणारे, घाम पुसणारे उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि उन्हात रापलेला टवटवीत सिनेटर जॉन केनेडी. कुणाचे किती रिअ‍ॅक्शन शॉट घेतले, यावरून कुरबूर तेव्हाच सुरू झाली. रेडिओवर ऐकणाऱ्यांना उपाध्यक्ष जिंकल्यासारखे वाटले आणि टीव्ही पाहणाऱ्यांना सिनेटर, हे मात्र जपूनच सांगायला हवं. या दाव्याचा मुख्य आधार असलेल्या पाहणीत रेडिओवाले श्रोते होते अवघे २८२, आणि ते मुळात कुणाकडे झुकलेले होते याचा हिशेब नव्हता. १९८७ मध्ये दोन अभ्यासकांनी हे दाखवून दिलं. २००३ मध्ये १७१ जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांनी ती डिबेट पाहिली, निम्म्यांनी नुसती ऐकली. पाहणाऱ्यांचा कौल सिनेटरकडे जास्त झुकला. म्हणजे परिणाम आहे, पण दंतकथेइतका नाही. शिवाय ६ कोटी ८० लाखांहून अधिक मतांत अंतिम फरक सव्वा लाखाच्याही आतला होता. इतक्या थोडक्यात सुटलेल्या निवडणुकीचं श्रेय दाढीच्या खुंटांनाही देता येतं.

पुढच्या तीन निवडणुकांत डिबेट झाल्याच नाहीत. १९७६ मध्ये परंपरा पुन्हा सुरू झाली आणि फिलाडेल्फियात पहिल्याच रात्री २७ मिनिटं ध्वनियंत्रणा बंद पडली. दोघे उमेदवार आपापल्या स्टँडमागे जवळजवळ पुतळ्यासारखे उभे राहिले. कॅमेरे चालू आहेत म्हटल्यावर आधी हलणार कोण? स्टँडची उंची, कॅमेऱ्याचे कोन, प्रेक्षक दाखवायचे की नाही, हे सगळं एव्हाना वाटाघाटींचा विषय झालं होतं. १९८८ पर्यंत या अटी १६ पानी करारावर गेल्या. तेव्हा १९७६ पासून डिबेट भरवणाऱ्या महिला मतदारांच्या संघटनेने, ही मतदारांची फसवणूक आहे असं सुनावून अंग काढून घेतलं. तिचं म्हणणं रास्त होतं.

१९९२ मध्ये रिचमंडला सामान्य नागरिक प्रश्न विचारत असताना अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी मनगटी घड्याळ पाहिलं आणि ते कॅमेऱ्यात सापडलं. २००० मध्ये बोस्टनला तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांचे उसासे माइकने टिपले. गंमत म्हणजे त्या रात्रीच्या झटपट जनमत चाचण्यांत ते किंचित पुढेच होते. नंतर वाहिन्यांनी ते उसासे पुन्हा पुन्हा वाजवले आणि बोलण्यातले मुद्दे बाजूला पडून उसासेच लक्षात राहिले.

हा अनुभव ताजा असताना २००४ चा ३२ पानी करार झाला. त्यातल्या एका कलमाने ठरवलं की एक उमेदवार बोलत असताना दुसऱ्याचा चेहरा दाखवायचा नाही. करारावर सह्या दोन्ही प्रचारयंत्रणांच्या होत्या, कॅमेरे मात्र वाहिन्यांचे. वाहिन्यांनी आधीच सांगून टाकलं की आम्ही सही केलेली नाही, आम्हाला हे बंधनकारक नाही. ३० सप्टेंबरला मायामीजवळच्या कोरल गेबल्समध्ये पडदा दोन भागांत विभागला गेला आणि विरोधकाचं बोलणं ऐकताना अध्यक्ष धाकटे जॉर्ज बुश यांच्या कपाळावर पडणाऱ्या आठ्या देशाने पाहिल्या. पुढच्या डिबेटमध्ये त्यांनी स्वतःच त्या आठ्यांवरून विनोद केला.

वाहिन्यांचा युक्तिवाद होता की ही बातमी आहे आणि बातमीत काय दाखवायचं ते संपादक ठरवतो. सल्लागारांचं म्हणणं असं की उमेदवार अशाने उत्तर देण्याऐवजी दीड तास चेहरा सांभाळत बसतो. तत्त्व म्हणून वाहिन्यांची बाजू बरोबर वाटते, परिणाम म्हणून सल्लागारांची. नंतरचे उमेदवार ऐकताना मंद हसत राहण्याचीसुद्धा तालीम करू लागले! आणि आठ्यांचं म्हणाल तर अध्यक्ष नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडून आले.

२०१२ मध्ये डेन्व्हरला अध्यक्ष बराक ओबामा मान खाली घालून टिपणं काढत राहिले. डिबेट पाहिलेल्यांपैकी ७२ टक्क्यांनी एका चाचणीत विरोधकाला विजयी ठरवलं. तरी ओबामाही पुन्हा निवडून आले.

२७ जून २०२४ च्या अटलांटातल्या डिबेटने या साऱ्याला छेद दिला. समोर प्रेक्षक नाहीत, पाळी नसेल तेव्हा माइक बंद, आणि पडद्यावर बराच वेळ दोन्ही चेहरे शेजारी शेजारी. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा, चहाची वेळ. अडखळत्या उत्तरांइतकाच अध्यक्ष जो बायडन यांचा ऐकतानाचा उघड्या तोंडाचा, हरवलेला चेहरा चर्चेत राहिला, आणि २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. इथे चेहऱ्याने नवं काही सांगितलं नाही. वयाबद्दलची जी शंका लोकांच्या मनात आधीच होती, तिला चित्र मिळालं.

त्यांच्या जागी आलेल्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या चमूला माइक कायम चालू हवे होते, म्हणजे प्रतिस्पर्धी डोनाल्ड ट्रम्प मध्येमध्ये बोलून स्वतःचं नुकसान करून घेईल. ते मान्य झालं नाही. मग १० सप्टेंबरला फिलाडेल्फियात त्यांनी पडद्याचा आपला मुका अर्धा भागच वापरला : हनुवटीवर हात, उंचावलेल्या भुवया, अविश्वासाचं हसू. सुमारे ६ कोटी ७० लाख लोकांनी ते पाहिलं. चाचण्यांत त्या जिंकल्या, नोव्हेंबरमध्ये हरल्या.