तलावाच्या गाळाची मोजपट्टी, शेताच्या मातीला

जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नदीकाठच्या बायकांच्या दुखण्याला नाव मिळालं ते त्यांच्या कण्हण्यावरून: ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. हाडं इतकी ठिसूळ की खोकल्यानेही बरगडी मोडे. नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची खाण. तिथल्या जस्ताच्या खनिजासोबत निघणारा विषारी धातू, कॅडमियम, नदीत उतरायचा, पाटाच्या पाण्याने भातखाचरांत यायचा आणि शेवटी ताटात. डॉ. नोबोरू हागिनो यांनी खाणीकडे बोट दाखवलं. सरकारने ते मान्य केलं १९६८ मध्ये.

१९७० मध्ये जपानने शेतजमिनीच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा केला. कायदा मातीचा, पण कॅडमियम मोजायचं तांदळात: किलोमागे १ मिलिग्रॅम ही तेव्हाची मर्यादा. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. खाचरात पाणी उभं असेल तर कॅडमियम गंधकाशी बांधलं जातं. पाणी काढलं की तेच सुटून मुळांना मिळतं. माती आम्लधर्मी असेल तर आणखीच. त्यामुळे मातीतला नुसता आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

आरोग्याच्या धोक्याचं आजचं गणित मात्र अमेरिकेतलं. लव्ह कॅनॉल या पुरलेल्या विषारी कचऱ्यावर वसलेल्या वस्तीच्या प्रकरणानंतर १९८० मध्ये तिथे अशा जागा साफ करण्याचा ‘सुपरफंड’ कायदा आला आणि १९८९ मध्ये त्याची मार्गदर्शिका. मूल खेळताना दिवसाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम चिमूटभर, माती गिळतं, असं त्यात धरलं जातं. त्यावरून काढलेला रोजचा डोस सुरक्षित डोसने भागायचा. उत्तर १ च्या वर गेलं की काळजी.

पर्यावरणाच्या धोक्याची पट्टी आली स्वीडनहून. लार्स होकानसन यांनी १९८० मध्ये तलावांच्या गाळासाठी ती मांडली. प्रत्येक विष नेहमीच्या किती पट आहे ते पाहायचं आणि त्याला त्या विषाच्या वजनाने गुणायचं: पाऱ्याला ४०, कॅडमियमला ३०, शिशाला ५, जस्ताला १. आज शेतं, रस्त्याकडेची धूळ, कचरा डेपो, सगळीकडे हीच वजनं सर्रास वापरली जातात. होकानसन यांनी या गुणाकारांची बेरीज केली होती आठ विषांसाठी (त्यातलं एक, पीसीबी हे कारखान्यांतलं रसायन, तर धातूही नाही) आणि ती १५० च्या आत असेल तर धोका कमी म्हटला होता. पुढच्या कित्येक अभ्यासांत चार-पाचच धातू मोजले गेले, आणि १५० ची रेघ तशीच राहिली.