आधी शिक्का, मग पुरावा

१८७० साली सॅन फ्रान्सिस्कोत एक नियम झाला: राहत्या खोलीत माणशी किमान ५०० घनफूट हवा हवी. कागदावर हा आरोग्याचा नियम, पण त्याचा बडगा उगारला गेला तो चिनी वस्तीवर. पोलीस रात्री खोल्यांत शिरत, झोपलेली माणसे मोजत आणि उचलून नेत. पुष्कळांनी दंड न भरता कैद पत्करली. मग तुरुंग इतका भरला की माणशी ५०० घनफूट हवा खुद्द तुरुंगातच उरली नाही. उपाय म्हणून १८७६ मध्ये कैद्यांचे केस एक इंचापर्यंत छाटण्याचा नियम आला. चीनमध्ये तेव्हा चिंग राजवट होती आणि पुरुषाने पाठीवर वेणी राखणे ही राजनिष्ठेची खूण होती. वेणी गेली की मायदेशी परतणे अवघड, हे नियम करणाऱ्यांना पक्के माहीत होते. वेणी कापल्या गेलेल्या हो आ काऊ यांनी शेरीफवर दावा लावला आणि १८७९ मध्ये तो जिंकलाही.

चिनी लोक दाटीवाटीने राहतात हा आरोप खोटा नव्हता. पण ते तसे का राहत होते? १८५० साली कॅलिफोर्नियाने परदेशी खाणकामगारांवर महिना २० डॉलर कर लावला. १८५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गोऱ्याविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालणार नाही; म्हणजे खाणीवरून हुसकावले तरी फिर्याद टिकणार नाही. १८७५ च्या पेज कायद्याने वेश्याव्यवसायाच्या संशयावरून आशियाई स्त्रियांची अशी उलटतपासणी सुरू केली की बायकांचे येणे जवळजवळ थांबले. उरल्या त्या एकट्या पुरुषांच्या खोल्या. मग त्याच खोल्यांकडे बोट दाखवून म्हटले गेले, हे लोक संसार करत नाहीत, इथे रुजत नाहीत. आधी शिक्का, त्यावरून कायदा, कायद्याने घडवलेली परिस्थिती आणि शेवटी तीच पुरावा म्हणून पुढे. हा क्रम पुढे अनेकदा दिसतो.

लाँड्रीचेच पाहा. खाणीतून बाहेर पडलेले अनेक जण धुलाईच्या धंद्यात शिरले. १८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीतल्या लाँड्रीला शहराचा परवाना सक्तीचा झाला. त्या वेळी शहरातल्या सुमारे ३२० लाँड्र्यांपैकी ३१० लाकडी होत्या. दोनशे चिनी अर्जदारांपैकी एकालाही परवाना मिळाला नाही; इतरांच्या ऐंशीएक अर्जांपैकी फक्त एक फेटाळला गेला. १८८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा पक्षपात एकमताने रद्द ठरवला. तोवर १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाची दारे बंद झाली होती, आणि ती १९४३ पर्यंत उघडली नाहीत.

‘मुकाट राबणारा कुली’ हाही असाच एक शिक्का. १८६७ च्या जूनमध्ये रेल्वेमार्गावरच्या सुमारे तीन हजार चिनी कामगारांनी जास्त पगार आणि कमी तास मागत संप केला. कंपनीने त्यांची रसद तोडून आठवड्याभरात तो मोडला. संप विसरला गेला, ‘मुकाट’ हे विशेषण टिकले.

हिंदुस्थानी मजूर आले तेव्हा साचा तयारच होता. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात जमावाने लाकूड गिरण्यांतल्या कामगारांना हुसकावले. ते बहुतेक पंजाबी शीख. वर्तमानपत्रांनी लिहिले ‘हिंदू’. पुढे अमेरिकेच्या जनगणनेतही ‘हिंदू’ हा वंश म्हणून नोंदला जाऊ लागला.

बाहेरून आलेल्या आशियाई माणसाला नागरिकत्व हवे तर तो ‘गोरा’ ठरावा लागे. १९२२ च्या नोव्हेंबरात नागरिकत्व मागणाऱ्या जपानी वंशाच्या ओझावा यांना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोरा म्हणजे कॉकेशियन; तेव्हाचे वंशशास्त्र युरोपियनांसोबत अनेक भारतीयांनाही या गटात धरत असे. ते धरून भगतसिंग थिंद या शीख माजी सैनिकाने आपण कॉकेशियन असल्याचे मांडले. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याच न्यायालयाने म्हटले की शास्त्र काही म्हणो, गोरा कोण हे सामान्य माणसाच्या समजुतीने ठरेल. समजूतच कायदा झाली! निकालानंतर अनेक भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही सरकारने तसाच खटला भरला. १९२६ मध्ये तो त्यांनी अपील न्यायालयात परतवला आणि अशा खटल्यांचा जोर ओसरला.

१९६५ च्या कायद्याने देशवार कोटा गेला आणि शिकलेल्या व्यावसायिकांना पसंती मिळाली. आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनियर गेले ते या चाळणीतून. पुढच्याच वर्षी अमेरिकन नियतकालिकांत जपानी आणि चिनी लोकांच्या ‘यशोगाथा’ छापून आल्या: कष्टाळू, काटकसरी, तक्रार न करणारे. १८८२ मध्ये हेच गुण गुन्हा होते. शिवाय ही स्तुती फुकट नव्हती. हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांना ‘यांच्याकडे बघा’ म्हणून सुनवायला ती कामी आली. आपल्यापैकी अनेकांनी ती अभिमानाने मिरवली, हेही कबूल करायला हवे. चाळणी व्हिसाची होती, श्रेय मात्र संस्कारांना दिले गेले. १९७५ नंतर कंबोडिया, लाओसमधून आलेल्या निर्वासितांची गरिबी ‘आशियाई’ या सरासरीत दिसेनाशी झाली ती वेगळीच.

आणि स्तुतीने संरक्षण मिळाले नाही. १९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ, जपानी मोटारींवरचा राग धुमसत असताना, चिनी वंशाच्या व्हिन्सेंट चिन यांना बेसबॉलच्या बॅटने मारण्यात आले. मारेकऱ्यांना राज्य न्यायालयाने दिली ती प्रत्येकी ३,००० डॉलर दंड आणि देखरेखीखाली मोकळीक. १९८७ मध्ये जर्सी सिटीत टिकलीवरून स्वतःचे नाव घेतलेल्या ‘डॉटबस्टर्स’ टोळीने भारतीयांना धमक्या दिल्या; त्याच काळात शेजारच्या होबोकेनमध्ये मारहाणीत जीव गेलेले नवरोज मोदी पारशी होते. १५ सप्टेंबर २००१ रोजी ॲरिझोनात बलबीरसिंग सोढी यांना पगडीमुळे मुसलमान समजून गोळ्या घातल्या. ‘चुकीच्या माणसाला मारले’ असे अशा वेळी म्हटले जाते. जणू बरोबर माणूस कोणी असतो.

नोंदीतही हीच गल्लत चालली. एफबीआयच्या द्वेषगुन्ह्यांच्या नमुन्यात शीखविरोधी आणि हिंदूविरोधी असे वेगळे रकाने २०१५ पर्यंत नव्हते. शिखावरचा हल्ला कोणत्या रकान्यात घालायचा, हे तोवर नोंद घेणाऱ्याच्या समजुतीवर होते.